वॉरंटी शाबूत ठेवून मोटरसायकलची देखभाल स्वतः करता येते का?

स्वहस्ते
नमस्कार मंडळी. माझी मोटरसायकल अजून वॉरंटीत आहे. ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलणे, चेन साफ करून तिला वंगण देणे, तिचा ताण नीट करणे, एअर फिल्टर आणि ब्रेक पॅड तपासणे ही कामे मला व्यवस्थित येतात आणि ती स्वतः करायला मला मनापासून आवडतात. आपल्या हाताने काम केले की कुठला बोल्ट कसा बसला आहे हे ठाऊक असते आणि गाडीत काही कुरबुर सुरू झाली तर ती लवकर ध्यानात येते. मात्र सर्व्हिस सेंटरमधील सल्लागारांनी मला ठणकावून सांगितले की, "बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली." हेच लेखी द्या म्हटल्यावर त्यांनी विषय बदलला.

माझा प्रश्न असा की यात तथ्य किती? ऑईल मी बदलले म्हणून उद्या मीटरच्या डिस्प्लेत पाणी शिरल्याचा दावा कंपनीला फेटाळता येईल का? आणि स्वतः काम करायचेच असेल तर कोणती पथ्ये पाळावीत? ऐकीव गोष्टींपेक्षा स्वतःचा अनुभव किंवा कागदोपत्री आधार असेल तर कृपया तो सांगावा.

पान्हा
पहिले काम म्हणजे वॉरंटीची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणे. बंधन त्यातल्या शब्दांचे असते, काउंटरवरच्या बोलण्याचे नाही.

उंबरठा
माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडतो. वॉरंटीचा काळ मर्यादित असतो. तेवढा काळ ऑईल आणि फिल्टर सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्यावेत आणि आपली हौस चेन, टायरमधील हवा, धुणेपुसणे, बॅटरीचे टर्मिनल एवढ्यावर भागवावी. तुमचे काम उत्तम असेल याबद्दल मला शंका नाही. परंतु इंजिनमध्ये मोठा दोष निघाला तर तुम्ही योग्य होता हे सिद्ध करण्यात जी दमछाक होईल, तिच्यापुढे वाचलेली मजुरी काहीच नाही.

जास्वंद
उंबरठा यांची काळजी रास्त आहे, पण दावे प्रत्यक्षात कसे तपासले जातात ते सांगितले तर चित्र जास्त स्पष्ट होईल. मी काही वर्षे एका वाहन कंपनीच्या वॉरंटी विभागात दाव्यांची छाननी करण्याचे काम केले आहे.

दावा आला की आम्ही आधी तीन गोष्टी पाहत असू. नादुरुस्त झालेला भाग वॉरंटीत मोडतो का, बिघाडाचे कारण काय, आणि त्या कारणाशी संबंधित देखभाल वेळेवर व योग्य प्रकारे झाली आहे का. काम कोणी केले हा प्रश्न येतो तो तिसऱ्या मुद्द्याच्या पोटात. कॅमशाफ्ट (इंजिनचे वॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) कोरडा पडून घासला गेला असेल तर ऑईलचा इतिहास मागितला जाणारच, कारण तिथे ऑईलचा थेट संबंध आहे. डिस्प्लेत पाणी शिरण्याचा ऑईलशी काही संबंध नाही, त्यामुळे त्या दाव्यात ऑईलचे बिल मागणारा अधिकारी आपले काम नीट करत नाही असे मी म्हणेन.

इंजिन उघडल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. ऑईल वेळेवर बदललेले नसेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला काळपट, चिकट थर बसतो. कोणी गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा लेप भरभरून लावला असेल तर त्याचे लोंबते तुकडे ऑईलच्या जाळीत अडकलेले सापडतात. बोल्टच्या डोक्यावर कारखान्यात मारलेली रंगाची रेघ तुटलेली असेल तर तो बोल्ट फिरवला गेला आहे हे दिसते. काही गाड्यांच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात, दोषाच्या क्षणाची नोंदही राहते.

त्यामुळे 'हात लागला' हे कारण मी कधीच पुरेसे मानले नाही. दावे फेटाळले जात ते नोंदी नसल्यामुळे. मालक म्हणायचे, "ऑईल वेळेवर बदलत होतो," आणि त्याला आधार म्हणून दाखवायला एक कागदही नसायचा.

चाकोरी
जास्वंदताई, फार मोलाची माहिती दिलीत. एक शंका आहे: बिल असले तरी ते ऑईल त्याच गाडीत घातले हे कसे सिद्ध होते?

जास्वंद
एकट्या बिलाने ते सिद्ध होत नाही. बिल, फोटो आणि नोंदवही एकमेकांशी जुळली की विश्वास बसतो. ओडोमीटरचा आकडा दिसणारा फोटो, त्याच दिवशी काढलेला ऑईलच्या डब्याचा फोटो ज्यात ग्रेड आणि बॅच क्रमांक वाचता येतो, जुना फिल्टर व नवा फिल्टर शेजारी ठेवून घेतलेला फोटो, आणि वहीत तारीख, किलोमीटर, ऑईलचे प्रमाण, फिल्टरचा पार्ट नंबर. सलग नोंदी पाहिल्या की मालक काळजी घेणारा आहे हे छाननी करणाऱ्याला लगेच जाणवते. दावा दाखल करायच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेली वहीसुद्धा तितक्याच लगेच ओळखू येते.

कलमदान
कायद्याची बाजू मांडतो, कारण या विषयावर वेगवेगळ्या देशांचे नियम एकमेकांत मिसळून सांगितले जातात आणि त्यातून गैरसमज वाढतात.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. विशिष्ट ब्रँडचाच भाग वापरा किंवा आमच्याकडूनच सेवा घ्या, अशी अट घालून वॉरंटी त्यावर अवलंबून ठेवण्यास तो मनाई करतो. याला दोन अपवाद आहेत: तो भाग किंवा ती सेवा कंपनी मोफत देत असेल तर, किंवा फेडरल ट्रेड कमिशनने तशी सूट दिली असेल तर. याच कमिशनने जून २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या वॉरंटीतील अशाच अटींवर कारवाई केली. बाहेरच्या दुरुस्तीमुळे किंवा इतरांनी बनवलेल्या भागांमुळे वॉरंटी रद्द होत नाही, असे वाक्य कंपनीने वॉरंटीत घालावे असा आदेश त्यातून निघाला.

युरोपचा ४६१/२०१० हा वाहनांची दुरुस्ती व सुटे भाग यांच्या बाजारातील स्पर्धेबद्दलचा नियम लोक हमखास पुढे करतात. त्यातील मोटार वाहनाची व्याख्या तीन किंवा अधिक चाकांच्या वाहनाची आहे, म्हणून मोटरसायकलवाल्यांनी त्याचा हवाला देण्यात अर्थ नाही.

भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेला आदेश महत्त्वाचा आहे. ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतले एवढ्यावरून वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले आहे. हा आदेश मोटारींच्या उत्पादकांपुरता होता आणि तो पुढे अपिलातही गेला, त्यामुळे मोटरसायकलला तो जसाच्या तसा लागू आहे असे समजू नये. मात्र त्यामागचा विचार पत्रव्यवहारात मांडण्यासारखा नक्कीच आहे. अन्यायाने दावा फेटाळला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा मार्ग खुला असतो.

उंबरठा
कलमदान, आयोगाकडे दाद मागता येते हे मान्य, पण तोवर गाडी बंद पडून राहते त्याचे काय? माझा मुद्दा हक्काबद्दल नव्हता, हक्क बजावताना होणाऱ्या त्रासाबद्दल होता, आणि तो त्रास कोणत्याही कायद्याने कमी होत नाही.

कलमदान
तुमचा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच नोंदी महत्त्वाच्या. कागद भक्कम असले की बहुतेक वाद आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटतात.

पान्हा
आता प्रत्यक्ष कामाबद्दल. ऑईल बदलताना वॉरंटीच्या दृष्टीने खऱ्या धोक्याच्या जागा फार नाहीत, पण ज्या आहेत त्या नीट समजून घेतल्याच पाहिजेत.

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑईल असते, म्हणजे क्लचप्लेटा त्या ऑईलमध्येच भिजलेल्या असतात. मोटारींसाठीच्या पुष्कळ ऑईलांत इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यांच्यामुळे इथे क्लच घसरू लागतो. त्यामुळे डब्यावर नुसता १०डब्ल्यू-४० हा ऑईलच्या घट्टपणाचा आकडा जुळला म्हणजे झाले असे नाही. पुस्तिकेत सांगितलेली एपीआय श्रेणी (ऑईलच्या दर्जाची) आणि जासो एमए किंवा एमए२ ही खूणही (ऑईलमध्ये भिजलेल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची) जुळली पाहिजे. एमबी खुणेचे ऑईल कोरडा क्लच असलेल्या, बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरसाठी असते. चुकीच्या ऑईलमुळे क्लच गेला तर कंपनीने दावा फेटाळणे योग्यच ठरेल.

दुसरी जागा ड्रेन बोल्टची. त्याच्याखालचा वॉशर मऊ धातूचा असतो आणि एकदा दबून बसण्यासाठीच बनवलेला असतो. तोच जुना वॉशर पुन्हा घातला की तिथून ऑईल पाझरते, पाझर थांबवण्यासाठी माणूस बोल्ट आणखी आवळतो, आणि अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले (इंजिनच्या खालच्या कवचातले) आटे जातात. नवा वॉशर आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पान्हा) एवढ्यानेच हे संकट टळते. बोल्ट किती जोराने आवळायचा याचा आकडा अनेक गाड्यांत २० ते ३० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नये. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच प्रमाण.

बोल्ट काढल्यावर तो पुसण्याआधी उजेडात धरून पाहावा. चुंबक असलेल्या बोल्टच्या टोकाला करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ थर असतो. तो बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागला तर काळजीचे कारण नाही. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे लागले तर मात्र तिथेच थांबावे. फोटो काढावा, निघालेले ऑईल स्वच्छ बाटलीत भरून ठेवावे, इंजिन चालू न करता सर्व्हिस सेंटरला कळवावे. तो दोष कंपनीने बघायचा असतो आणि तुम्ही तो वेळेवर पकडलेला असतो.

फिल्टर बसवतानाही नजर हवी. काही फिल्टरांवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेले असते. तसा फिल्टर उलटा बसला तर ऑईलचा मार्ग अडतो आणि इंजिन कोरडे चालते. शेवटी गाडी सरळ उभी ठेवून पातळी पाहावी, कारण साइड स्टँडवर कललेल्या गाडीत काचेतून दिसणारी पातळी खोटी असते.

घाटवाट
पान्हासाहेब, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून आणलेल्या माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट इतका आवळलेला निघाला होता की तो सोडवताना आटेही बाहेर आले. काम अधिकृत ठिकाणी झाले म्हणजे ते नीटच झाले असे गृहीत धरता येत नाही, म्हणून तिथून गाडी आणल्यावरही तपासणी करावी. माझ्याकडे त्यांचे जॉब कार्ड होते आणि त्यानंतर बोल्टला कोणी हात लावलेला नव्हता, म्हणून क्रँककेसची दुरुस्ती त्यांनी मोफत करून दिली.

चाकोरी
चेनबद्दल मी लिहितो, कारण चेन स्वतः वॉरंटीत नसली तरी तिच्या ताणाचा परिणाम वॉरंटीतल्या भागांवर होतो. ब्रेक पॅड, क्लचप्लेटा, चेन, बल्ब या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक पुस्तिकांत वगळलेल्याच असतात. पण चेन फार ताणून ठेवली तर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर सतत ओढ बसते. ते बेअरिंग गेले की ताणलेली चेन हे कारण पुढे येते.

खालच्या बाजूच्या मधोमध चेन वरखाली हलवून ताण मोजावा. साध्या रस्त्यांच्या अनेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर चालतो, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत त्याहून जास्त लागतो. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वांत घट्ट लागते तिथला आकडा धरावा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात आणि एक्सल नट टॉर्क रेंचनेच आवळावा. ओ-रिंग असलेल्या चेनला रॉकेल चालते, पेट्रोल आणि तारेचा ब्रश चालत नाही. आणि कळकळीने सांगतो, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. फडके स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याबरोबर बोटेही जातात. चाक हातानेच फिरवावे.

स्वहस्ते
सर्वांचे मनापासून आभार. पुस्तिका पुन्हा काळजीपूर्वक वाचली. त्यात 'बाहेरचा हात' असे कुठेच नाही. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस ठरलेल्या दिवसांत किंवा किलोमीटरमध्ये, जे आधी येईल तेव्हा, अधिकृत ठिकाणीच घ्याव्यात अशी अट आहे. पुढील देखभाल 'तक्त्याप्रमाणे' करावी असे आहे. अयोग्य देखभालीमुळे झालेले नुकसान, फेरबदल आणि शर्यतीतील वापर वगळलेले आहेत. मोफत सर्व्हिसची अट योग्य म्हणायची का?

कलमदान
योग्य आहे. अमेरिकेचा अपवाद मी वर सांगितला तो याच धर्तीचा आहे: सेवा मोफत मिळत असेल तर ती आमच्याकडेच घ्या असे कंपनीला म्हणता येते. त्या सर्व्हिस अजिबात चुकवू नका. 'जे आधी येईल' हे शब्दही नीट पाहा. गाडी कमी फिरते म्हणून अनेकांचे दिवस उलटून जातात.

उंबरठा
या मोफत सर्व्हिससाठी गाडी नेण्याचे आणखी एक कारण आहे. रिकॉलची (दोष निघाल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून करायची) कामे आणि ईसीयूचे सुधारित सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणीच मिळते. सर्व कामे घरीच करणाऱ्याला कधीकधी आपल्या गाडीचा रिकॉल निघाला आहे याचा पत्ताच नसतो. चेसिस क्रमांक देऊन वेळोवेळी विचारत राहावे.

विद्युत्
इथे सगळे ऑईलबद्दल बोलत आहेत, पण माझ्या पाहण्यात वॉरंटीचे सर्वाधिक वाद वायरिंगवरून होतात. जादा दिवे किंवा मोबाइल चार्जर लावताना मूळ वायर सोलून तिला जोड दिला जातो, वर टेप गुंडाळली जाते, आणि पहिल्याच पावसात त्या जोडात पाणी मुरते. त्यानंतर स्टार्टर, सेन्सर, मीटर यांतले काहीही बिघडले तरी कापलेली वायर समोर दिसत असते आणि कंपनीचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. बॅटरीवरून थेट, स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालून, मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडीला) न कापता जोडणी करावी. गाडीत जादा उपकरणांसाठी तयार कनेक्टर दिलेला असेल तर तोच वापरावा. ईसीयूची प्रोग्रॅमिंग बदलणे म्हणजे देखभाल नव्हे, तो फेरबदल झाला. वॉरंटी जपायची असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि लावताना ते शेवटी जोडावे.

जास्वंद
विद्युत् यांच्याशी पूर्णपणे सहमत. त्यात एक भर: जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुतलेल्या गाड्यांत चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले मी वारंवार पाहिले आहे. पुस्तिकेत त्याची सूचना असते, पण ती फारसे कोणी वाचत नाही.

घाटवाट
ब्रेकचा विषय राहिला. पॅड बदलणे घरी होते, पण ब्रेक फ्लुइड आणि एबीएस यांबाबत सर्वांचे मत हवे आहे. हे फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, म्हणून अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. रंगावर सांडले तर रंग उठतो.

पान्हा
झाकणावर डॉट ४ लिहिले असेल तर सीलबंद डब्यातले डॉट ४च घालावे. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात चालत नाही. आता एबीएसचे. मास्टर सिलिंडरमधली पातळी खाली जाऊ न देता, नळीतून जुने काढत वरून नवे भरत गेलात तर अनेक गाड्यांत काम नीट होते. पण एबीएसच्या मॉड्यूलमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला कंपनीचे निदानयंत्र लागते. तक्त्यात हे काम डीलरकडे सोपवावे असे लिहिले असेल तर ते ऐकावे. इथे प्रश्न वॉरंटीपेक्षा जिवाचा आहे.

तेलपाणी
धागा उशिरा पाहिला. एअर फिल्टरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. काही गाड्यांत ऑईल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, थेट बदलायचा असतो. फोमचा फिल्टर धुता येतो, तो वाळवून, ऑईल लावून बसवायचा. दोन्ही एकाच पद्धतीने साफ करणारे लोक पाहिले की फार हळहळ वाटते, कारण त्या वाटेने आत गेलेली बारीक धूळ सिलिंडर आणि रिंगा घासून टाकते, आणि इंजिन उघडल्यावर ते स्पष्ट दिसते.

शिवाय वाढीव वॉरंटी विकत घेतली असेल तर तिची पुस्तिका वेगळी वाचा. तो स्वतंत्र करार असतो आणि त्यातील देखभालीच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतात.

स्वहस्ते
तेलपाणी, ही सूचना वेळेवर आली. वाढीव वॉरंटी घेण्याचा विचार चालू होता, आता आधी अटी मागवून वाचेन.

दरम्यान मी चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल पाठवला होता. मोफत सर्व्हिस झाल्यानंतर तक्त्याप्रमाणे, सांगितलेल्या ग्रेडचे ऑईल आणि मूळ फिल्टर वापरून मी स्वतः काम केले आणि नोंदी ठेवल्या तर वॉरंटी चालू राहील का, असे विचारले. उत्तर आले की वॉरंटी त्या कारणाने आपोआप रद्द होत नाही. संबंधित भागाचा दावा आल्यास देखभालीचे पुरावे तपासले जातील. सल्लागारांचे तोंडी विधान आणि हे लेखी उत्तर यांत केवढी तफावत आहे!

जास्वंद
उत्तम केलेत. हा ईमेल छापून पुस्तिकेत ठेवा. पुढे कधी दावा नाकारला गेलाच तर नकार जॉब कार्डवर लेखी मागा, त्यात बिघाडाचे तांत्रिक कारण आणि पुस्तिकेतील कोणत्या अटीचा आधार घेतला आहे ते लिहून घ्या, आणि काढलेला भाग तुमच्यासमोर पाहू द्या असे सांगा. कारण लिहावे लागते म्हटल्यावर बरेच नकार मागे घेतले जातात, हे मी आतून पाहिले आहे.

उंबरठा
ईमेलचे उत्तर पाहून माझे मत बरेच बदलले आहे. तरीही टॅपेट सेटिंगसारखे (वॉल्व्हमधील फट जुळवण्याचे) इंजिन उघडावे लागणारे काम वॉरंटीत असेपर्यंत स्वहस्ते यांनी घरी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

स्वहस्ते
उंबरठासाहेब, तो सल्ला मान्य आहे. टॅपेट आणि ब्रेक फ्लुइड सर्व्हिस सेंटरकडे, ऑईल, फिल्टर, चेन आणि पॅड माझ्याकडे. चाकोरी, एक विचारायचे राहिले: ताण मोजताना गाडी साइड स्टँडवर ठेवायची की सेंटर स्टँडवर?

चाकोरी
तुमच्या पुस्तिकेत ज्या स्थितीत मोजायला सांगितले आहे त्याच स्थितीत. स्थिती बदलली की मागच्या सस्पेन्शनवरचा भार बदलतो आणि त्याबरोबर आकडाही बदलतो. काही कंपन्या साइड स्टँडवर मोजायला सांगतात, काही चाक उचलून.